शिकागोमामाचं मांजर

मामा भारतात आला की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, जेवणं उरकून संगमनेरच्या अंगणात सतरंज्या पडल्या, की आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायचो आणि मांजराची गोष्ट मागायचो. तीन-चार वर्षांतून एकदा यायचा तो. चॉकलेटं पहिल्याच दिवशी संपायची, गोष्ट मात्र दर खेपेला तीच आणि दर खेपेला थोडी लांबलेली. न्यूयॉर्कचं भलंमोठं मैदान, हजारो माणसं, झगझगीत दिवे. शिकागोचा रॉन सँटो बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा. आणि कुठूनतरी एक काळंकुळकुळीत मांजर येतं, सँटोकडे बघतं, शिकागोच्या खेळाडूंच्या बाकांपुढून शेपटी वर करून चालत जातं आणि नाहीसं होतं. इथं मामा थांबायचा. मग आजीकडे वळून म्हणायचा, “आई, मांजर आडवं गेलं!” आजी देवघरातून ओरडायची, “मग परत फिरायचं की रे मेल्यांनो!”

परत फिरायची सोय नव्हती. ९ सप्टेंबर १९६९ चा तो बेसबॉल सामना शिकागो कब्ज ७-१ असा हरले. दुसऱ्या दिवशी १५५ दिवस सांभाळलेला पहिला नंबर त्यांच्या हातून गेला तो गेलाच.

मामा सांगायचा, “मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.” आम्हाला खरं वाटायचं. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की सामना न्यूयॉर्कला, मामा शिकागोत, मध्ये हजारभर किलोमीटर. त्यानं पाहिलं होतं ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं छायाचित्र. विचारलं तर हसला. म्हणाला, “अगं, शिकागोत त्या मांजराला प्रत्यक्ष पाहिलेली दोन-तीन लाख माणसं तरी असतील. त्यात मी एक.”

मामा १९६७ साली खिशात आठ डॉलर घेऊन गेला. त्या काळी तेवढंच परकीय चलन मिळायचं. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेला होता. ही संस्था शहराच्या दक्षिणेला, पस्तिसाव्या रस्त्याशी, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाचं, व्हाइट सॉक्सचं मैदान. म्हणजे रीतीनं मामानं त्यांचा व्हायला हवं होतं. शिकागोत हे पुण्यातल्या पेठांसारखं आहे, जिथं राहतो तिथला अभिमान. पण पदवी झाल्यावर त्याला रात्रपाळीची नोकरी लागली आणि स्वस्तातली खोली मिळाली ती उत्तरेला, कब्जच्या रिग्ली फील्ड मैदानापासून चार गल्ल्यांवर. तेव्हा तो भाग काही श्रीमंतांचा नव्हता. घरमालकीण एक पोलिश विधवा होती. मामा तिला पत्रांत ‘पोलिशआजी’ म्हणतो. ती पिरोगी करायची, त्याला मामा उकडलेल्या करंज्या म्हणायचा आणि वर मीठमसाला शिंपडून खायचा.

कब्ज मामाला ह्या पोलिशआजीनं दिले. आणि त्यांच्या सोबत दिला तो त्यांचा सगळा जुना वाडवडिलार्जित दुखवटा.

तिचं सांगणं असं, की हा संघ शेवटचा जगज्जेता झाला १९०८ साली, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मग १९३८ च्या सप्टेंबरातली ती संध्याकाळ. पिट्सबर्गविरुद्ध सामना बरोबरीत, नववा डाव, अंधार पडत चाललेला, मैदानाला दिवे नाहीत, पंच खेळ थांबवायच्या बेतात, आणि गॅबी हार्टनेटनं चेंडू असा काही टोलवला की तो प्रेक्षकांत जाऊन पडला ते कुणाला नीट दिसलंही नाही. पोलिशआजीचं म्हणणं, ती तिथंच होती. (मामाचा हिशेब: मैदानात मावतात जेमतेम चाळीस हजार, आणि त्या सांजवेळी हजर असलेल्या शिकागोकरांची संख्या दर वर्षी वाढतच जाते. गोष्टीत स्वतः हजर राहण्याची खोड त्याला तिच्याकडूनच लागली असणार.) मग १९४५. डेट्रॉइटविरुद्धच्या अंतिम मालिकेला सियानिस नावाचा एक ग्रीक खानावळवाला आपला बोकड घेऊन आला, बोकडाचं तिकीटही काढलं होतं म्हणे, पण वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं. त्यानं शाप दिला. कब्ज ती मालिका हरले आणि पुन्हा तिथवर पोचलेच नाहीत.

मामानं त्या खोलीतून लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे सगळं आजोबांना कळवलं. आजोबा शाळामास्तर, शिवाय घरची सहा एकर आणि एक बैलजोडी. त्यांचं उत्तर आलं, शाप देणारा ब्राह्मण ऐकला होता, खानावळवाला प्रथमच ऐकतो.

मैदानाला दिवे नव्हते ही गोष्ट मात्र शापाइतकी उडवून लावण्यासारखी नाही. संघाचे मालक च्युइंगगमवाले रिग्ली. त्यांनी १९४१ साली दिव्यांचं लोखंडी सामान आणवलं होतं, तेवढ्यात पर्ल हार्बर झालं, आणि त्यांनी ते सगळं युद्धकार्याला देऊन टाकलं. त्यानंतर बाकीची सगळी मैदानं रात्री झगमगू लागली, रिग्ली फील्ड मात्र १९८८ च्या ऑगस्टपर्यंत सूर्यावर चाललं. घरचा प्रत्येक सामना दुपारी दीडला. रात्रपाळी करणाऱ्या मामाला ह्याहून सोयीचं काय? सकाळी झोप, दुपारी एका डॉलरमध्ये उघड्यावरच्या बाकावर, तिथून परस्पर कामावर. तिथं पिवळ्या शिरस्त्राणांतली एक टोळी बसायची, घसा फाटेस्तोवर ओरडायची. मामा त्यांच्यामागे दोन ओळी सोडून बसायचा. डब्यात दहीभात. “तो बघून एकदा एकानं विचारलं, हे काय औषध?”

आता १९६९ च्या त्या मोसमाबद्दल. तो ८ एप्रिलला सुरू झाला. पहिलाच सामना फिलाडेल्फियाशी, घरच्या मैदानावर. अकराव्या डावात शिकागो एका धावेनं मागे असताना विली स्मिथ ह्या बदली फलंदाजानं होमरन मारला, एक गडी बेसवर होता, ७-६ असा सामना खिशात. त्या दिवशी मामा खरंच तिथं होता. तिकिटाचा तुकडा मी पाहिलाय, आजीच्या हळदीकुंकवाच्या डब्यात बरीच वर्षं पडून होता. तिथून संघ जो पहिल्या नंबरवर चढून बसला तो उतरेना. अर्नी बँक्स तेव्हा ३८ वर्षांचा, शहराचा लाडका, एका दिवसात दोन सामने खेळू या म्हणणारा. बिली विल्यम्सनं २९ जूनला सलग ८९६ वा सामना खेळून नॅशनल लीगचा विक्रम मोडला. पिचर फर्ग्युसन जेन्किन्स. कॅचर रँडी हंडली. आणि तिसऱ्या बेसवर सँटो. जूनमध्ये एक सामना शेवटच्या क्षणी जिंकल्यावर तो मैदानातून परतताना उडी मारून हवेतच टाचा वाजवायला लागला. मग घरी जिंकलं की ते रोजचंच झालं. खेळाडूंच्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली. जाहिराती आल्या. दुसऱ्या संघांना त्या टाचा झोंबल्या. आजोबांच्या भाषेत, बाजारात तुरी.

मामाच्या त्या उन्हाळ्यातल्या पत्रांत चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी दीड ओळीत आहे आणि कब्जचा गुणतक्ता पाऊण पान. आजोबांना बेसबॉल कळावा म्हणून त्यानं आकृत्या काढल्यात. विटीदांडूपासून सुरुवात करून तो चार बेसपर्यंत येतो, मग पुढच्या पत्रात सगळं खोडून नव्यानं समजावतो. आजोबांना एवढंच पटलं की नऊ जण खेळतात, संघात पंचवीस असतात, आणि एप्रिल ते सप्टेंबर १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि तो मला फार आवडतो: बाकीचे सोळा काय करतात?

मेट्सचं सांगायला हवं. न्यूयॉर्कचा हा संघ १९६२ साली जन्मला आणि त्याच वर्षी १२० सामने हरला. लोक त्यांच्यावर विनोद करायचे. १९६९ च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते कब्जच्या नऊ-दहा सामने मागे होते. १९ ऑगस्टला कब्जच्या केन होल्ट्झमननं अटलांटाला एकही फटका मारू दिला नाही, तेव्हा पोलिशआजीनं मामाच्या पेल्यात स्वतःच्या हातानं काहीतरी ओतलं. पत्रात त्याला ‘सरबत’ म्हटलंय.

पण त्याआधी, ८ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये एक गोष्ट होऊन गेली होती. आमच्या अंगणातल्या गोष्टीत ती कधीच आली नाही. नववा डाव, शिकागो ३-१ असा पुढे, जेन्किन्स चेंडू टाकतोय. मधल्या क्षेत्रात डॉन यंग नावाचा २३ वर्षांचा नवखा पोरगा. एक उंच उडालेला झेल त्याला नीट दिसला नाही, पुढ्यात पडला. दुसऱ्या झेलासाठी धावत कुंपणापर्यंत गेला, चेंडू हातात आला आणि कुंपणावर आदळल्यावर सुटला. मेट्सनी सामना ४-३ असा काढला. सामन्यानंतर सँटो वार्ताहरांसमोर त्या पोराबद्दल नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी वार्ताहरांना बोलावून त्यानं माफी मागितली, पण छापलेलं ते छापलेलं. त्या दिवशी यंगच्या जागी जिमी क्वॉल्सला उतरवलं. मेट्सचा टॉम सीव्हर ओळीनं एकेकाला परत पाठवत होता, एकही गडी बेसवर पोचला नव्हता, आणि नवव्या डावात ह्या क्वॉल्सनं एक साधा फटका मारून ती अजब कामगिरी मोडली. एवढ्यावर क्वॉल्सचं नाव बेसबॉलच्या इतिहासात राहिलं.

सप्टेंबरात मात्र धरण फुटल्यासारखं झालं. ३ तारखेला सिनसिनाटीत हरले. मग घरी पिट्सबर्गकडून सलग तीन. त्यातला तिसरा मामानं पाहिलेला: नववा डाव, दोन गडी बाद, जिंकायला एक गडी हवा, आणि विली स्टार्जेलनं चेंडू उजव्या कुंपणाबाहेर भिरकावला. बरोबरी. मग अकराव्या डावात हार. मामा म्हणतो, त्या दिवशी आगगाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. तिथली एक पद्धत आहे, सामना झाला की मैदानावर झेंडा चढतो, जिंकलं तर डब्ल्यू, हरलं तर एल, आगगाडीतून जाणाऱ्यांनाही निकाल कळावा म्हणून. “तो एल आठ दिवस कुणी बघतच नव्हतं. सगळे खाली मान घालून वर्तमानपत्र वाचायचे, आणि त्यातही तेच.” मग न्यूयॉर्कमध्ये दोन, त्यातला एक मांजराचा. मग फिलाडेल्फियात दोन. ओळीनं आठ. त्या महिन्यात कब्ज ८ जिंकले, १७ हरले. शेवटी ९२ विजय, ७० पराभव, मेट्सच्या आठ सामने मागे. मेट्स पुढे बॉल्टिमोरलाही हरवून जगज्जेते झाले.

मामा इंजिनिअर. त्यानं पत्रात मांडलेला हिशेब असा: ते सलग हरलेले आठ जिंकले असते तर आपले १०० झाले असते, आणि त्यातले दोन मेट्सविरुद्धचे, म्हणजे त्यांचे ९८. खाली दोनदा अधोरेखित करून त्यानं सगळ्या आठ पराभवांच्या तारखा दिल्या होत्या आणि मग मांजराचं लिहिलं होतं. सविस्तर.

आजोबांचं उत्तर दिवाळीच्या सुमारास गेलं. त्याची नक्कल त्यांनी ठेवली होती, मास्तरांची सवय. चिरंजीवास अनेक आशीर्वाद वगैरे झाल्यावर लिहितात, मांजर बिचारं उंदीर शोधत असेल, त्याला बोल लावू नये. तू तारखा दिल्यास म्हणून पंचांग काढून पाहिलं. तुमचा संघ आठव्यांदा हरला ती ११ सप्टेंबर म्हणजे श्रावणातली अमावस्या. इथं पोळा होता. आदल्या दिवशी आपल्या जोडीची खांदेमळणी केली, खांद्यांना तूप-हळद चोळून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. पोळ्याला मानेवर जू ठेवलं नाही, पुरणपोळी घातली. तुझ्या पत्रांवरून दिसतं की तुमच्या मुकादमानं एप्रिलपासून तीच आठ जनावरं जुंपली, उन्हात, आणि एकदाही सोडली नाहीत. भाद्रपद लागायच्या आत बसली यात नवल ते काय?

हे वाचलं की मला आजोबांचा अभिमान वाटतो आणि थोडं हसूही येतं, कारण ‘मुकादम’ म्हणजे लिओ ड्युरोशर, अमेरिकेतला सगळ्यात तोंडाळ मॅनेजर, आणि त्याच्यावर हा शेरा संगमनेरहून गेला होता. पण शेरा बरोबर होता. हंडलीनं त्या वर्षी १५१ सामन्यांत विकेटकीपरसारखं बसून-उठून चेंडू झेलले, आदल्या वर्षी तर १६०. शॉर्टस्टॉप केसिंजर १५८. सँटो १६०. विल्यम्सला तर सुट्टीच नाही. ३८ वर्षांचा बँक्स १५५. आणि घरचे सगळे सामने भर दुपारी. ज्यानं सुट्टी घेतली तो मुकादमच. जुलैच्या अखेरीस तब्येतीचं कारण सांगून तो गेला तो विस्कॉन्सिनमधल्या एका शिबिरात, आपल्या सावत्र मुलाला भेटायला. वर्तमानपत्रांनी ते बाहेर काढलं.

तिकडे मेट्सचा मॅनेजर गिल हॉजेस नेमकं उलट करत होता. पहिल्या बेसवर दोघं, दुसऱ्यावर दोघं, तिसऱ्यावर दोघं, समोर डावखुरा पिचर की उजवा ते पाहून आळीपाळीनं. बाकीचे सोळा काय करतात ह्या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये होतं.

मामाला हे पूर्ण पटलं असं नाही. त्याचं म्हणणं, मेट्सनी शेवटच्या ४९ पैकी ३८ सामने जिंकले, अशांपुढे ताजे बैलही काय करणार. बापलेकांचा हा वाद पत्रांतून वर्षभर चालला आणि मिटला नाही. मी आजोबांच्या बाजूची. थकव्यानं सगळं घडलं असं नाही, पण मांजरानं तर काहीच घडलं नाही, आणि तरी अंगणातल्या सतरंजीवर बसून आम्ही वर्षानुवर्षं मांजरच मागितलं.

त्याच १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ सुरू झालं. पुढं मामीही तिकडे गेली, १९७४ मध्ये डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल बंधूंचं दुकान निघालं, दहीभाताला कढीपत्ता मिळाला. मामा उपनगरात राहायला गेला. पोलिशआजी १९८४ च्या आधीच गेली. त्या वर्षी कब्जनी विभाग जिंकला, मामा म्हणाला, तिला एवढंसुद्धा दिसलं नाही.

सँटोचं एक उशिरा बाहेर आलं. त्याला अठराव्या वर्षापासून मधुमेह होता, इन्सुलिन टोचून तो खेळायचा, आणि हे त्यानं १९७१ पर्यंत लोकांना सांगितलं नाही. म्हणजे १९६९ च्या त्या १६० सामन्यांत, दुपारच्या उन्हात, साखर खाली आली तर एखादी गोळी तोंडात टाकून. त्या मोसमात त्यानं २९ होमरन मारले. पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले, तरी तो रेडिओवर कब्जच्या सामन्यांचं वर्णन करायचा, म्हणजे खरं तर विव्हळायचा. मामाला पन्नाशीत मधुमेह झाला. तो संध्याकाळी बोटाला सुई टोचताना रेडिओवर सँटो लावून ठेवायचा. डिसेंबर २०१० मध्ये सँटो गेला तेव्हा मामानं मला फोन केला. आमच्याकडे पहाट होती.

मी आपलं त्याला बरं वाटावं म्हणून मांजराची आठवण काढली. तर म्हणाला, “ते आता पुरे गं. मांजराची गोष्ट सांगून सांगून मी एक गोष्ट झाकली.” मग त्यानं डॉन यंगचं सांगितलं, पहिल्यांदाच. शिकागोला संघ परतल्यावर प्रेक्षकांनी सँटोवर आरडाओरडा केला हे खरं, पण त्याच्या आधी आठवडाभर आपणही त्या पोराला शिव्या घालत होतो, असं म्हणाला. रात्रपाळीला, आगगाडीत, पोलिशआजीच्या स्वयंपाकघरात. सगळ्यांबरोबर तोही. “मॅनेजरला कोण बोलणार? सँटो तर आपला. पोरगं नवीन होतं, सापडलं.” आजोबांना लिहिलेल्या पत्रांत ८ जुलैचा सामना का नाही, ते मला तेव्हा कळलं. आजोबांनी वाचला असता तर त्यांनी बैलांआधी त्या पोराचं विचारलं असतं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांचं ते पहिल्यांदा विचारायचे.

मामा त्या फोनच्या दुसऱ्या वर्षी गेला. २ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, क्लीव्हलंडमध्ये, दहाव्या डावात, मध्ये १७ मिनिटं पाऊस थांबायची वाट पाहून, कब्ज ८-७ असे जिंकले आणि १०८ वर्षांनी जगज्जेते झाले. रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूनं आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली, वडील, आजोबा, आज्या, पुरुषभर उंचीपर्यंत सगळी भिंत भरली. माझी मामेबहीण तिथं गेली आणि वेव्हलँड रस्त्याच्या बाजूला तिनं मामाचं नाव देवनागरीत लिहिलं. तिला मराठी बोलता येतं, लिहायची सवय गेलेली, म्हणून आधी मला फोन करून तिनं रफार कुठं द्यायचा ते विचारून घेतलं.

मी तिला फोटो पाठवायला सांगितला. फोटोत नाव आहे, त्याच्या वर कुणाच्यातरी आजीचं, खाली एक बोकड काढलेला आणि कोपऱ्यात, हौसेनं, एक काळं मांजर. मांजर अजून चालतंच आहे.

डॉन यंग १९६९ च्या त्या मोसमात १०१ सामने खेळला. त्यानंतर मेजर लीगमध्ये एकही नाही.